दोन भाषा, दोन स्त्रिया, एक आणीबाणी

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शिक्षण सुरतेच्या मराठी शाळेत, आईची भाषा कन्नड. म्हणून दोन्ही भाषांतील एकेक स्त्री अभ्यासाला निवडली.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. आमच्या गुजरातेत मार्च १९७६ पर्यंत जनता मोर्चाचे सरकार होते, त्यामुळे येथे बोलायला थोडी जागा उरली. इतरत्र बहुतेक ठिकाणी तीही नव्हती.

अशा वेळी डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी आजारी जयप्रकाशांसाठी जाहीरपणे प्रार्थना करविली. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली.

‘संस्कार’ (१९७०) या कन्नड चित्रपटाच्या नायिका स्नेहलता रेड्डी यांना मे १९७६ मध्ये पकडून मिसाखाली बंगलोरच्या तुरुंगात ठेवले. तेथे त्यांचा दमा बळावला. १५ जानेवारी १९७७ ला पॅरोल मिळाला. २० जानेवारीला त्या वारल्या.

रुमानियात माजी पंतप्रधान युलिउ मानिउ १९५३ मध्ये तुरुंगातच वारले, आणि तेथील हुकूमशाही १९८९ पर्यंत टिकली. आपल्याकडे एकवीस महिन्यांत मतदारांनी निकाल दिला. हा फरक मोठा आहे. पण स्नेहलतांना तो पाहता आला नाही.

आईने ‘संस्कार’ पाहिला आहे. नायिकेचे पुढे काय झाले, हे मात्र तिला ठाऊक नव्हते. मी सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. वाचकहो, म्हणून हा लेख.