धोक्याची घंटा वाजेनाशी होते तेव्हा

मे महिन्यात वाशिमला भर दुपारी घराबाहेर पडलात, की लगेच कपाळावर घाम येतो. घाम यावा असे तुम्ही त्वचेला सांगितले होते का? नाही. हे काम स्वायत्त मज्जासंस्था आपोआप करते. हृदय, जठर, मूत्राशय यांचा कारभारही तीच पाहते.

मधुमेहात रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तर हे मज्जातंतू आणि त्यांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या खराब होतात. मग पायांना घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडून भेगाळते. घाम कमी झाल्याने ऊन अधिक बाधते. जठर उशिरा रिकामे होते. मूत्राशय भरल्याचे कळत नाही. उभे राहताना पायांतील रक्तवाहिन्या पुरेशा आकुंचन पावत नाहीत. रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते.

सर्वांत घातक म्हणजे धोक्याच्या सूचनाच बंद पडतात. औषधाने साखर फार उतरली, तर एरवी घाम सुटतो, छाती धडधडते. अशा रोग्यात तसे काही न होता तो एकदम गोंधळतो किंवा बेशुद्ध पडतो. हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता येऊ शकतो.

म्हणून घरातील मधुमेही आजोबा गोंधळल्यासारखे बोलू लागले आणि त्यांना गिळता येत असेल, तर 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. बेशुद्ध असल्यास तोंडात काही घालू नका. अचानक धाप लागली, विलक्षण थकवा आला, तर 'ऊन लागले असेल' म्हणून थांबू नका; लगेच दवाखाना गाठा.