संगणकसमूहाच्या खर्चाची मोजणी

कंटेनर नावाच्या स्वतंत्र आवरणांत ठेवलेले कार्यक्रम अनेक संगणकांवर वाटून देण्याचे काम कुबरनेटीज ही प्रणाली करते. गूगलने ती २०१४ साली सर्वांसाठी खुली केली. अशा समूहासाठी संगणक भाड्याने घेतले, तर देयकात त्यांचे भाडे दिसते. ते कोणत्या कामासाठी खर्च झाले, हे मात्र कळत नाही. ही उणीव भरून काढणारे ओपनकॉस्ट हे साधन २०२२ मध्ये खुले झाले.

नेहमीच्या पद्धतीत प्रथम प्रोमिथियस हा मापनांची नोंद ठेवणारा कार्यक्रम समूहात बसवतात. नंतर हेल्म या साधनाने ओपनकॉस्ट बसवून त्याला प्रोमिथियसचा पत्ता देतात. समूह अनेक असल्यास प्रत्येकात ही मांडणी करावी लागते.

कामाने राखून ठेवलेली आणि प्रत्यक्ष वापरलेली शक्ती यांपैकी जी अधिक, तिच्यावर आकारणी होते. चार प्रक्रियक राखून एकच वापरणाऱ्या कामाच्या नावे चारांचा खर्च पडतो. कोणीच न मागितलेली शक्ती निष्क्रिय म्हणून वेगळी दाखवली जाते. अपव्यय कोठे होतो, हे अशा रीतीने उघड होते. तो थांबविण्यासाठी मागणी कमी करणे हे मात्र माणसाचेच काम होय.