गोळी कोणासाठी?

पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारपेठेत संध्याकाळी औषधांच्या दुकानापाशी थोडा वेळ उभे राहून पाहा. आसपासच्या गावांतून आलेली माणसे परतीची एसटी गाठण्याच्या घाईत असतात. त्या गर्दीत तुमच्याच वयाचा एखादा मुलगा पुढे होतो आणि म्हणतो, “काका, डोकेदुखीची गोळी द्या.”

समजा, दुकानदार विचारतात, “कोणाला हवी आहे रे?”

“वहिनीला.”

“वहिनीला दिवस गेलेत का? कितवा महिना?”

मुलगा लाजतो. “सहावा असेल.”

काढलेली पट्टी काका पुन्हा खणात ठेवतात. “ही नको. वहिनीला आजच डॉक्टरांकडे घेऊन जा. रक्तदाब तपासायला सांग.”

मुलाला वाटते, साध्या गोळीसाठी एवढी चौकशी कशाला? तेच आज आपण पाहू.

वार : दोन रक्तांमधील पडदा

पोटातील बाळाला अन्न आणि प्राणवायू वारेतून मिळतो. वारेत आईचे रक्त आणि बाळाचे रक्त अगदी जवळून वाहते, पण ते एकमेकांत मिसळत नाही. दोहोंमध्ये एक पातळ पडदा असतो.

हे समजण्यासाठी एक प्रयोग करा. मलमलीच्या फडक्यात चमचाभर चहाची पूड बांधा आणि ती पुरचुंडी कोमट पाण्यात सोडा. पाणी हळूहळू लालसर होईल, पूड मात्र आतच राहील. जेथे रंगाचे कण दाट आहेत तेथून ते विरळ जागेकडे पसरतात. पदार्थविज्ञानात याला विसरण म्हणतात.

बरीचशी औषधे वारेतून अशीच विसरणाने पलीकडे जातात. ढोबळ नियम असा, की रेणुभार 500 पेक्षा कमी असेल तर औषध सहज पार होते. ॲस्पिरिनचा रेणुभार 180, आयबुप्रोफेनचा 206. दोन्ही बाळापर्यंत पोहोचतात. इन्सुलिनचा सुमारे 5,800. ते जवळजवळ अडून राहते. अर्थात वार म्हणजे नुसते फडके नव्हे. स्निग्ध पदार्थांत विरघळणारी औषधे लवकर जातात, तर काही द्रव्ये पेशी स्वतः उचलून पलीकडे नेतात.

आता काकांनी पट्टी का परत ठेवली ते पाहा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके गरोदरपणाच्या 20 व्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडांचे काम मंदावू शकतात. गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचेच बनत असल्याने ते कमी होऊ लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 साली याबाबत इशारा दिला. शिवाय सहाव्या महिन्यातील डोकेदुखी हे वाढलेल्या रक्तदाबाचे लक्षण असू शकते. गोळीने दुखणे दबेल, रक्तदाब मात्र तसाच राहील.

एका गोळीची किंमत

पूर्वी अशी समजूत होती, की वार सर्व अपायकारक द्रव्ये अडवते. ती फार महाग पडली. 1957 साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध बाजारात आले. ते निर्धोक मानून गरोदर स्त्रियांनाही मळमळीसाठी दिले गेले. त्याचा रेणुभार अवघा 258. 1961 च्या अखेरीस ते मागे घेतले गेले, पण तोवर जगभर 10 हजारांहून अधिक बालके अपुऱ्या वाढीचे हातपाय घेऊन जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी 1960 पासून “पुरावा आणा” असा आग्रह धरून परवानगी रोखली. त्यामुळे त्या काळी तेथे ते औषध विक्रीस आले नाही.

घ्यायलाच हवी अशी गोळी

म्हणजे गरोदरपणी औषध घेऊच नये का? तसे मुळीच नाही. 1928 साली ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरणीकामगार गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. 1941 साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढल्यावर त्याला हे नाव मिळाले. बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. ती नीट मिटण्यासाठी हे आम्ल लागते. म्हणून ही गोळी दिवस राहण्याआधीपासून घेणे चांगले.

शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी तुम्हांला ठाऊक असेल. गरोदर स्त्रियांची गोळी लाल असते. दोहोंत 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी ती 180 दिवस घ्यायची. आता हिशेब करा : 60 × 180 = 10,800 मिलिग्रॅम, म्हणजे 10.8 ग्रॅम. ढोबळमानाने यातील दहावा भाग शरीरात शोषला जातो असे धरले, तर सुमारे 1 ग्रॅम लोह मिळते. आणि गरोदरपणात जादा लागणारे लोहही साधारण तेवढेच असते! चहाबरोबर गोळी घेतली तर चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि हा हिशेब चुकतो. लिंबाचे सरबत मात्र शोषणाला मदत करते. कॅल्शियमची गोळीही लोहाबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्यावी.

फिट्स, थायरॉइड, मधुमेह यांची चालू औषधे मात्र भीतीपोटी मनाने बंद करू नयेत. ती बंद केल्यानेही आई व बाळ दोघांना धोका होतो. बदल करायचा तो डॉक्टरांनीच.

तुमचे काम

1948 च्या कायद्याप्रमाणे औषधे देणारी व्यक्ती नोंदणीकृत औषधनिर्माता असावी लागते. तिचे शिक्षण केवळ पट्ट्या मोजण्यासाठी नसते. चिठ्ठी वाचणे, दोन औषधांचा मेळ पाहणे, शंका आल्यास डॉक्टरांना विचारणे हेही तिचेच काम. पण गोळी कोणासाठी, हे कळल्याशिवाय ती तरी काय करणार? दूरच्या वाडीवरून निरोप घेऊन येणारे बहुधा तुम्हीच असता.

तेव्हा घरून निघताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : औषध कोणासाठी, वय किती, गरोदर असल्यास कितवा महिना, आणि आधी कोणती औषधे चालू आहेत. जुन्या पट्ट्या सोबत न्या. दुकानातील काकांनी विचारले तर लाजू नका. आणि त्यांनी विचारले नाही, तर आपणहून सांगा.