सीतेचीं आंसवें : सड्यावरील पाणथळ जागेंतील एक फूल

सातारा-महाबळेश्वराकडील पठारांवर किंवा कोंकणांतील सड्यांवर ज्यांचें जाणेंयेणें आहे, त्यांनीं श्रावण-भाद्रपदांत निळ्याजांभळ्या चिमुकल्या फुलांचे ताटवे पाहिलेच असतील. हींच सीतेचीं आंसवें. शास्त्रांत या प्रजातीस युट्रिक्युलॅरिया म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहान पखाल. जगांत हिच्या दोनशेंहून अधिक जाति असून कांहीं तळ्यांत तरंगतात, कांहीं चिखलांत वाढतात.

नांव सार्थ आहे. या वनस्पतीस खरीं मुळें नसतात. चिखलांत पसरलेल्या तंतूंना मोहरीहूनहि लहान पिशव्या असतात. पिशवी आपल्यांतील पाणी बाहेर टाकून दबून राहते. दारावरील केंसास जलजंतूचा धक्का लागला कीं दार आंत उघडतें व पाण्याच्या लोंढ्याबरोबर जंतु ओढला जातो. हें सर्व सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळांत घडतें. डार्विनसाहेबांनीं १८७५ सालच्या ग्रंथांत या पिशव्यांचें वर्णन केलें. पण जंतु स्वतःच दार ढकलून शिरतो, असें त्यांस वाटलें होतें. एवढा मोठा निरीक्षकहि येथें चुकला!

इतका खटाटोप कां? जांभ्यावर माती बोटभर, आणि तींतील नत्र व स्फुरद पावसानें धुवून गेलेले. तेथें गवतास जें मिळत नाहीं, तें हें फूल जंतूंपासून मिळवितें. म्हणून कास पठारावर तें गेंद व दवबिंदू यांच्या शेजारीं सुखानें नांदतें. पण भरपूर खताच्या जागीं गवत माजलें कीं त्याच्या सावलींत टिकत नाहीं. खाचराच्या कडेस दिसल्यास तण म्हणून उपटूं नये. जमिनीचा कस कमी आहे, एवढेंच तें सांगतें.

पाणी आटलें कीं रोप वाळतें. बीं तेवढें त्याच पातळ मातींत पुढील मृगाची वाट पाहतें. माती खरवडली, कीं फूल गेलें.

महसूल खात्यांत असतां अशा सड्यांपुढें मीं सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ असें कित्येकदां लिहिलें. लागवडीच्या दृष्टीनें तें चूक नव्हतें. पुढें एका गृहस्थांनीं तोच उतारा दाखवून, “जमीन खराबच, तर चिरे काढण्यास हरकत कसली?” असें विचारलें, तेव्हां मला उत्तर सुचलें नाहीं. आतां सांगतों : सड्यावर मुरलेलें पाणीच खालच्या झऱ्यांस व विहिरींस पोंचतें. चिरे काढणेंच भाग असेल, तर पाणी सांचणारा भाग सोडून कोरड्या उंचवट्यावर काढावे. आणि तो भाग कोणता, हें भाद्रपदांत फुलें पाहून आंखून घ्यावें. उन्हाळ्यांत तो ओळखतां येत नाहीं.