चिंताशामक गोळ्यांची सवय : ओळख आणि उपचार

नव्या गावी बदली झालेल्या कर्मचाऱ्याला रात्ररात्र झोप लागेनाशी होते किंवा घरातील कर्त्या माणसाच्या निधनानंतर एखाद्या गृहिणीच्या छातीत सारखी धडधड होऊ लागते. डॉक्टर तपासतात आणि पंधरा दिवसांसाठी एक लहानशी गोळी लिहून देतात. गुण येतो. पंधरा दिवस संपतात, परंतु चिठ्ठी घरातच राहते. प्रथम ती दाखवून आणि पुढे ओळखीच्या दुकानात ती न दाखवताही गोळी मिळत राहते. तीन वर्षांनी त्या व्यक्तीस विचारावे, तर उत्तर येते : "मला कसले व्यसन? हे डॉक्टरांनी दिलेले औषध आहे." या उत्तरात खोटेपणा नसतो, आणि म्हणूनच ही सवय घरच्यांच्याही लक्षात येत नाही.

या गोळ्या बहुधा बेन्झोडायझेपीन या औषधवर्गातील असतात. रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड हे या वर्गातील पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले. १९६३ मध्ये डायझेपाम आले. तत्पूर्वीच्या बार्बिट्युरेट औषधांची मात्रा थोडी अधिक झाली तरी जीवावर बेतत असे. त्यांच्या तुलनेत ही नवी औषधे निर्धोक मानली गेली व त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. आज आपल्याकडे आल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही नावे अधिक परिचित आहेत. आकडी थांबविण्यासाठी, शस्त्रक्रियेपूर्वी किंवा तीव्र चिंतेच्या काळात ही औषधे निःसंशय उपयुक्त आहेत. दोष औषधाचा नसून लांबलेल्या मुदतीचा आहे.

मेंदूतील गाबा नावाचे रसायन चेतापेशींची उत्तेजना आवरून धरते. ही गोळी गाबाचा प्रभाव वाढविते. काही आठवडे नित्य सेवन झाले की मेंदू या बाहेरच्या मदतीला सरावतो. मग तीच मात्रा अपुरी वाटू लागते, आणि गोळी चुकली तर धडधड, घाम, हातांना कंप, चिडचिड व निद्रानाश जाणवतो. ही लक्षणे मूळ आजारासारखीच असल्यामुळे रुग्ण समजतो, आजार अद्याप गेलेला नाही. आणि तो पुन्हा गोळी घेतो. वृद्धांमध्ये तोल जाऊन पडणे, विसराळूपणा वाढणे हे परिणाम दिसतात, पण घरातील मंडळी त्यांचे खापर वयावर फोडतात. गोळीसोबत मद्य घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यूही ओढवू शकतो.

सवय लक्षात आल्यावर पुष्कळदा घरातील वडीलधारी मंडळी गोळ्या फेकून देतात. हेतू चांगला असला तरी हा उपाय घातक आहे. दीर्घकाळ घेतलेले औषध एकदम तुटल्यास आकडी येते, भ्रम होतो, क्वचित प्राणही जातो. तेलंगणात २०१५ मध्ये याचे विदारक प्रत्यंतर आले. तेथील भेसळीच्या ताडीत आल्प्राझोलामसारखी औषधे मिसळली जात. शासनाने कारवाई करून पुरवठा थांबविताच नित्य पिणारे अनेक जण आकडी व भ्रमाच्या अवस्थेत रुग्णालयांत दाखल होऊ लागले. आपण कोणत्या औषधाला सरावलो आहोत, याची त्यांतील अनेकांना कल्पनाही नव्हती.

उपचार आहे, मात्र तो संथ आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉ. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र चिकित्सालय चालविले. रुग्णाच्या सोयीने मात्रा हळूहळू उतरविण्याची त्यांची पद्धत पुढे बहुमान्य झाली. साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रेत ५ ते १० टक्के घट करतात. काहींना अल्पकाळ परिणाम करणाऱ्या गोळीऐवजी दीर्घकाळ परिणाम करणारे डायझेपाम देऊन मग ते कमी केले जाते. या कामी अनेक महिने, कधी वर्षही लागते. मध्येच त्रास वाढला तर घट थोपवून धरतात. तो पराभव समजण्याचे कारण नाही. सोबतीला समुपदेशन व झोपेच्या सवयींची शिस्त असावी, कारण मूळ चिंता अनुत्तरित राहिली तर गोळीची आठवण होतेच.

केंद्र शासनाच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील सुमारे १.१८ कोटी लोक वैद्यकीय सल्ल्याविना शामक औषधे घेत होते. आल्प्राझोलाम, डायझेपाम व नायट्राझेपाम यांचा समावेश १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीत आहे. त्यानुसार विक्रेत्याने डॉक्टर व रुग्ण यांची नावे आणि औषधाचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावयाची असते. गावातील दुकानात चिठ्ठीविना ही गोळी मिळते काय, एवढी चौकशी पंचायत सदस्यांना सहज करता येईल. मात्र दुकान बंद करविण्याआधी नित्य गोळी घेणाऱ्यांना डॉक्टरांकडे पोहोचविणे अगत्याचे आहे. तेलंगणातील अनुभव येथे विसरता येत नाही.

सल्ल्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात तसेच ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत उपचार मिळतात. जाताना जुन्या चिठ्ठ्या व गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत. दररोज किती गोळ्या घेतल्या जातात आणि मद्य घेतले जाते काय, हे संकोच न करता सांगावे. कारण सांगितलेल्या आकड्यावरूनच डॉक्टर पहिली मात्रा ठरवितात. डॉक्टरांची भेट होईपर्यंत चालू गोळी स्वतःहून बंद करू नये.