आधी काम, मग डबा

रत्नागिरी

चि. सोनूस,


वास्तुशांतीचे फोटो पाहिले. घर प्रशस्त आहे, गॅलरीला सकाळचं ऊन आहे, हे फार चांगलं झालं. आमरसाचे एवढे डबे रिकामे झाले आणि ते तू भंगारात न टाकता धुऊन, पुसून ओळीने मांडून ठेवलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. सोबत पाठवलेली चित्रंही पाहिली. सुतळी गुंडाळलेले डबे, लेस चिकटवलेले डबे, भिंतीवर टांगलेले रंगीत डबे. "मामा, यातलं काय काय करू?" असं तू विचारलंस. पत्र्याचं काम फोनवर सांगून भागत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

शाळेत कार्यानुभव शिकवताना मी मुलांना आधी एकच विचारत असे: घरात कुठलं काम अडलंय? डबा हातात घेऊन "याचं काय करू?" असं विचारलं की शोभेच्या वस्तू तयार होतात आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जातात. काम आधी ठरलं तर तोच डबा वर्षानुवर्षं वापरात राहतो. आमच्या लहानपणी रॉकेल चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे १८ लिटरच्या चौकोनी डब्यातून यायचं. रॉकेल संपलं की वरचं तोंड कापायचं, आडवी लाकडी दांडी ठोकायची, की झाला पाणी भरायचा डबा. विहिरीवर प्रत्येक घराचा असा डबा असे. डालड्याच्या पिवळ्या डब्यात तुळस असे. ज्यांचा पार गंज होई ते कापून, सपाट करून गोठ्याच्या कुडाला ठोकत. त्याला कुणी कलाकुसर म्हणत नव्हतं, पण प्रत्येक डब्याला नेमकं काम मिळालेलं असे. तुझ्या डब्यांनाही तसं काम मिळावं असं मला वाटतं.

आता तुझा डबा कशाचा आहे ते पाहा. फ्रिजवरचं लोहचुंबक काढून त्याला लाव. आमरसाच्या डब्याला ते घट्ट चिकटेल, कारण तो पोलादी पत्र्याचा आहे. थंड पेयाच्या डब्याला चिकटणार नाही, तो ॲल्युमिनियमचा. पोलादी पत्र्यावर कथलाचा मुलामा असतो, जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा. आजीच्या पितळी पातेल्यांना कल्हईवाला नवसागर टाकून जो धातू फासायचा, तोच हा. अन्नाशी त्याचं भांडण होत नाही म्हणून भांड्याला कल्हई आणि डब्याला मुलामा. काही डब्यांना आतून सोनेरी लेपही असतो.

हा मुलामा शाबूत आहे तोवर डबा टिकतो. ओरखडा उठला, भोक पडलं की खालचं लोखंड उघडं पडतं, आणि तिथून पुढे कथील त्याला वाचवत नाही. उलट ओल असेल तर लोखंड आधी गंजतं आणि कथील तसंच राहतं. विहिरीवरच्या जस्ती बादलीचं याच्या नेमकं उलटं. तिच्यावर जस्त असतं, आणि ओरखडा उठला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड मागे राहतं. म्हणून जस्ती बादली बाहेर पावसात वर्षं काढते आणि आमरसाचा डबा दोन पावसाळ्यांत हात टेकतो. एवढं ध्यानात ठेवलंस तर कुठला डबा कुठे ठेवायचा हे तुझं तुलाच कळेल. सुतळी गुंडाळलेला डबा गॅलरीत नको, हे मी यावरूनच सांगतो. सुतळी ओल धरून ठेवते आणि पत्रा आतल्या आत सडतो. घरात, कोरड्या टेबलावर, पेनं-पट्ट्या ठेवायला हवी तेवढी सुतळी गुंडाळ.

आता तोंडाच्या काठाचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण डब्याच्या कामात इजा होते ती इथेच. ओपनरने झाकण कापलं की आतल्या कडेला पत्र्याचे बारीक दात राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. मधल्या बोटाएवढी बारीक दातांची अर्धगोल कानस आण, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. डबा पायांत घट्ट धर किंवा फडक्यात गुंडाळून दुसऱ्या हाताने दाबून धर. कानस फक्त पुढे ढकलायची, परत आणताना उचलून आणायची. पुढे-मागे घासलीस तर कानसही बोथट होते आणि पत्राही चरचरतो. मोठे दात असतील तिथे पकडीने ते आतल्या बाजूला दाबून बसवायचे आणि मग कानस फिरवायची. एक फेरी झाली की कापसाचा बोळा घेऊन काठावरून हलकेच फिरव. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे अजून दात आहे. बोट फिरवून तपासायचं नाही, हे तुझ्या ओंकारलाही सांगून ठेव. बोळा एकही तंतू न सोडता गोल फिरला की तो डबा मुलाच्या हातात द्यायला हरकत नाही. आणि कापलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन डॉक्टरांना विचार. गंजामुळे धनुर्वात होतो असं लोक म्हणतात, पण त्याचे जंतू मातीत असतात. म्हणून शेवटची लस कधी घेतली ते लिहून ठेवावं. ती साधारण दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते.

स्वयंपाकघराविषयी माझं मत कडक आहे. उघडलेल्या डब्यात उरलेला रस तसाच फ्रिजमध्ये ठेवू नये. हवा लागली की आंबट पदार्थ कथील आणि लोखंड दोन्ही ओढून घेतो. चिंच, लोणचं, मीठ, कोकमं यांपैकी काहीही या डब्यांत साठवू नकोस. डाळ-तांदळाला मात्र तेलाचा १५ किलोचा डबा उत्तम. गरम पाणी आणि सोड्याने दोनतीनदा धुऊन, तेलाचा वास पूर्ण गेला की कडक उन्हात उपडा ठेवायचा. आत हात घालून कोपरे कोरडे आहेत ना, ते बघायचं. गहूही आधी वाळवून घ्यायचा, मगच भरायचा. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. रंगाचा किंवा औषधाचा डबा कितीही घासला तरी स्वयंपाकघराच्या दारातही आणू नकोस.

गॅलरीत झाडं लावणार म्हणतेस. लाव. आमरसाच्या ८५० ग्रॅमच्या डब्यात पुदिना, कोथिंबीर, मेथी, ओवा छान येतात. कढीपत्त्याला तो पुरणार नाही, त्याला तेलाचा मोठा डबा दे. बुडाला चार-पाच भोकं आतून बाहेर पाड, म्हणजे कडा बाहेरच्या बाजूला येतील आणि पाणी अडणार नाही. खाली विटेचे दोन तुकडे ठेव. पत्रा तापतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत डबे एकमेकांना चिकटवून सावलीत ठेव. बाहेरून पांढरा रंग दिलास तर मुळं भाजत नाहीत. भोकांना आणि तळाला रंगाचा हात दिलास तर आणखी एखादा पावसाळा निघेल.

याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी साचू देऊ नकोस. पुण्यात डेंग्यूचा ताप किती घरांत येतो ते तू पाहिलंच असशील. त्याचा डास गटारात नाही, असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटतात आणि पाणी आटलं तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून नुसतं पाणी ओतून चालत नाही, आतली बाजू काथ्याने घासावी लागते. सरकार आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं त्याचं कारण हेच. जो डबा तू आठवड्याला एकदा उचलून पाहणार नाहीस, तो उघड्यावर ठेवूच नकोस.

दिवाळीचा कंदील मात्र नक्की कर. ओंकारला त्यात सर्वांत जास्त मजा येईल. रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला की पत्रा चेपतो, म्हणून डब्यात काठाच्या दोन बोटं खाली पाणी भर आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव. सकाळी आतला बर्फ पत्र्याला आतून आधार देतो. बूड थोडं फुगेल, ते मागून लाकडाने ठोकून बसवता येतं. कागदावर नक्षी काढून डब्याला चिकटपट्टीने लाव, डबा घडी घातलेल्या पंच्यावर आडवा ठेव आणि ठिपक्या-ठिपक्यावर खिळा ठेवून हातोडीचा एक नीट ठोका दे. एका ठोक्यात भोक गोल येतं. दोनतीन हलके ठोके दिले की ते फाटतं. ठिपक्यांमध्ये निदान अर्ध्या बोटाचं अंतर ठेव, नाहीतर दोन भोकं एक होतात. तुझी नक्षी अगदी साधी असू दे: एक शंख, एक आंबा, रांगोळीतली चार पाकळ्यांची फुलं. अंधारात उजेड भिंतीवर पसरतो तेव्हा साधीच नक्षी ओळखू येते. बर्फ वितळायची वाट बघत डबा तसाच ठेवू नकोस. कोमट पाणी ओतून काढ, लगेच पूस आणि उन्हात ठेव. आता भोकाभोकात लोखंड उघडं आहे. पणती ठेवणार असशील तर कंदील तारेने टांग, आणि लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर नको. दिव्यांची माळ घातलीस तर ती काळजी राहत नाही.

राहिलेल्यांपैकी दोन डबे ओंकारला खेळण्यातला टेलिफोन करायला दे. बुडाला सुईएवढं भोक पाडून सुती दोरा ओवायचा, आत काडीला गाठ मारायची आणि दोरा ताणून धरायचा. दोरा सैल पडला की आवाज जात नाही. ध्वनी कंपनातून जातो हे त्याला पुस्तकापेक्षा इथे लवकर कळेल. पुण्यातच आयुका या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की खेळणं मोडलं तर मूल ते स्वतः पुन्हा करू शकतं. डब्यातून वाद्यही होतं, ते तुणतुणं. त्याचा घट मूळचा लाकडी, पण पत्र्याच्या डब्याची तुणतुणीही मी पाहिली आहेत. ओंकारला एखाद्या तमाशाच्या किंवा गोंधळाच्या कार्यक्रमाला ने आणि साथीला बसलेल्या माणसाचं तुणतुणं जवळून दाखव.

एवढं सगळं करूनही डबे उरतील. ते जपून ठेवायचे नाहीत, सोनू. काम नसलेला डबा घरात ठेवणं हे नुसतं साठवणं. पोलाद पुनःपुन्हा वितळवता येतं. ॲल्युमिनियमचं तर फारच मोल आहे, कारण खाणीतून नवं काढण्याच्या मानाने जुनं वितळवायला ऊर्जेचा जेमतेम विसावा भाग लागतो. म्हणून ते डबे कचरावेचक बाईंच्या हाती सन्मानाने दे. तुमच्या शहरात १९९३ साली या कष्टकऱ्यांनी संघटना उभी केली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातूनच पुढे २००८ साली 'स्वच्छ' सहकारी संस्था महानगरपालिकेबरोबर काम करू लागली. आपण टाकलेला पत्रा त्यांच्या उघड्या बोटांतून जातो. तेव्हा डबा धू, कापलेलं झाकण डब्यात टाक आणि तोंड पायाने दाबून चेप, म्हणजे झाकण बाहेर निसटत नाही. कुठलीही धारदार गोष्ट कागदात गुंडाळून वर लाल पेनाने खूण कर.

आता तुझ्याकडून एक काम हवंय. स्वयंपाकघरातला तेलाचा मोठा डबा संपत आला असेल तर तो कापू नकोस, गणपतीला येताना घेऊन ये. आपल्या परसातल्या नारळांवर उंदीर चढतात आणि कोवळी शहाळी पोखरतात. जमिनीपासून दोन मीटर वर खोडाला सुमारे ४० सेंमी रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला की त्यांचे पंजे घसरतात. जस्ती पत्रा अधिक टिकेल, आणि मोठ्या माडांना मी तोच आणला आहे. कोपऱ्यातल्या लहान माडाला मात्र तुझा डबा उलगडून लावू. जोड कुठे घ्यायचा, खोड वाढेल तसा पट्टा सैल कसा करायचा हे तुला तिथेच दाखवतो. येताना कानस घेऊन ये, माझी झिजली आहे.

जावईबापूंना नमस्कार, ओंकारला गोड पापा.

तुझा,
मामा