धान्य व कडधान्य यांची जोडी

भात कापलें, कीं खाचरांतील उरल्या ओलीवर वाल पेरावयाचे, ही कोकणची जुनी रीत आम्हां गिरीजकरांस नवी नाहीं. घाटावरील शेतकरी हीच जोडी एका वेळीं जुळवितो. बाजरीच्या दोन ओळींनंतर तो तुरीची एक ओळ पेरतो.

ह्यांत लाभ काय? बाजरीचीं मुळें वरच्या थरांत पसरतात. तुरीचें सोटमूळ खोल जातें. म्हणून ओलीसाठीं भांडण थोडें. बाजरी सुमारें तीन महिन्यांत निघते. मग मोकळ्या जागेंत तूर फोफावते. ऐन वेळीं ताण पडून बाजरी बुडाली, तरी मागाहूनच्या पावसानें तूर सावरूं शकते. घरच्या लेंकरांचा घास सर्वस्वी जात नाहीं.

शिवाय, द्विदल पिकांच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात, हें हेलरीगेल व विलफार्थ ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८८ सालीं सिद्ध केलें. मुळें व पाला शेतांतच कुजल्यास त्यांतील कांहीं नत्र पुढील पिकास लाभतो.

विद्यार्थिमित्रहो, वालाचें एक रोप अलगद उपटून त्याची गांठ नखानें फोडा. आंत लालसर दिसली, तर ती कामांत आहे असें समजा. मग आजोबांस विचारा, भातामागून वालच कां? पुस्तकांतील विद्या आपल्या घरींहि होती, हें आम्हांस पटलें, तसें तुम्हांसहि पटेल.